शुक्रवारी कॅन्सस सिटी ते डेन्व्हर: पाऊस, बर्फ, वारा सगळं एकाच अंदाजात. निघू का?

सांगलीकर_केसी: नमस्कार मंडळी. आई-बाबा सांगलीहून आलेत, त्यांना डोंगरातला बर्फ दाखवायचाय. शुक्रवारी आय-70 महामार्गाने डेन्व्हर, साधारण 600 मैल. राष्ट्रीय हवामान सेवेचा पुढच्या दोन दिवसांचा अंदाज म्हणतो की पूर्व कॅन्ससमध्ये गडगडाटी वादळं, पूर्व कोलोरॅडोत बर्फ आणि मधल्या पट्ट्यात जोराचा वारा. बर्फ 4 ते 6 इंचच आहे, गाडी ऑल-व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर. पहाटे चारला निघालो तर निभेल ना? बाबांची बायपास झालीय, म्हणून विचारतोय.

डेन्व्हरची_ताई: शुक्रवारी निघू नका. पहाटे चारला नाही, मध्यरात्रीही नाही.

तुम्ही इंच बघताय, मी वारा बघते. ब्लिझर्ड, म्हणजे हिमवादळ, ठरतं ते ताशी 35 मैलांचा वारा आणि पाव मैलाच्या आतली दृश्यमानता सलग तीन तास टिकली तर. किती इंच पडला पाहिजे अशी अटच नाही. वाटेतल्या हेज गावाच्या पुढे कोल्बी, गुडलंड, बर्लिंग्टन, लिमनपर्यंत वाऱ्याला अडवायला झाड नाही. ऊन पडलेलं असतं, आभाळ निळं असतं, आणि कमरेएवढ्या उंचीवर बर्फ आडवा धावत असतो. पुढच्या ट्रकचे लाल दिवे दिसतात, त्याची चाकं दिसत नाहीत. तिथे ऑल-व्हील ड्राइव्ह काय करणार?

आणि तो अंदाज तीन वेगळ्या गोष्टी सांगत नाहीये, वादळ एकच आहे. रॉकीज डोंगररांगेच्या पूर्व पायथ्याशी कमी दाबाचा पट्टा तयार होतो. त्याच्या पुढच्या अंगाला मेक्सिकोच्या आखातातली दमट हवा वर खेचली जाते, म्हणून तुमच्याकडे गडगडाट. मागच्या अंगाला उत्तरेची थंड हवा घुसते, म्हणून आमच्याकडे बर्फ. दाबातला फरक जितका मोठा तितका वारा जास्त. ते पूर्वेकडे सरकतं आणि तुम्ही जाणार पश्चिमेला, म्हणजे सकाळी विजा आणि दुपारी बर्फ, सगळं स्वतःहून अंगावर घ्याल.

रस्ता बंद झाला की कोलोरॅडोवाले फाटक लावतात, मग कॅन्ससवालेही गाड्या अलीकडेच थांबवतात. गुडलंडमधली मोटेलं तासाभरात भरतात. बायपास झालेल्या माणसाला गाडीत रात्र काढायला लावू नका हो.

ट्रक_डिस्पॅच: ताई म्हणतात त्यात एक भर. बर्फ नसला तरी वारा घातकच. 14 मार्च 2025 ला गुडलंडजवळ याच आय-70 वर धुळीच्या वादळात 70 हून जास्त गाड्या एकमेकींवर आदळल्या, 8 माणसं गेली. हाय विंड वॉर्निंग, म्हणजे जोराच्या वाऱ्याचा इशारा असेल तर ताशी 58 मैलांचे झोत धरून चला. त्यात रिकाम्या ट्रेलरच्या बाजूने कधीही जाऊ नका, तो आडवा होतो.

सांगलीकर_केसी: पटलं. आईला सांगितलं, ती म्हणाली डोंगर कुठे पळून जातोय. मग शनिवारी सकाळी?

डेन्व्हरची_ताई: शनिवारी सकाळीही घाई नको. बर्फ थांबला तरी वारा मागे रेंगाळतो आणि साफ केलेला रस्ता पुन्हा भरतो. रविवार धरा. देशाचा नकाशा आता बाजूला ठेवा. हवामान सेवेच्या साइटवर हेज, गुडलंड, लिमन एकेक गाव टाका आणि तासागणिक वाऱ्याचा आलेख बघा. झोत ताशी 35 मैलांच्या खाली आले आणि दोन्ही राज्यांच्या रस्त्यांच्या साइटवर पट्टा उघडा दिसला की निघा. गुडलंडला घड्याळ एक तास मागे जातं, बाबांच्या गोळ्यांची वेळ कॅन्सस सिटीच्या घड्याळाप्रमाणेच ठेवा. डिकीत नको, हाताशी ब्लँकेट, पाणी आणि त्या गोळ्या. पेट्रोल अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका. पोचलात की इथे कळवा, मी वाट बघेन.