क्लोद शाब्रोल : पन्नास वर्षांचा रतीब

अर्धविराम
फ्रेंच नवलाटेचा, म्हणजे १९५०-६० च्या दशकांतल्या तरुण फ्रेंच दिग्दर्शकांच्या चळवळीचा, विषय निघाला की आपल्याकडची चर्चा त्रुफो आणि गोदार यांच्यापुढे सहसा सरकत नाही, आणि मीही त्याला अपवाद नव्हतो. परवा मात्र त्याच लाटेतल्या क्लोद शाब्रोल यांचा 'ल बूशे' (म्हणजे 'खाटीक', १९७०) पाहण्यात आला आणि त्यातला एक प्रसंग अजून डोक्यातून जात नाही. शाळेची सहल गुहा पाहून बाहेर आली आहे, मुले कड्याखाली बसून खाऊ खात आहेत आणि एका मुलीच्या पावावर वरून रक्ताचा थेंब पडतो. कड्यावर प्रेत आहे हे आपल्याला त्या पावावरून कळते.

त्यानंतर त्यांच्या चित्रपटांची यादी काढून पाहिली, तर १९५८ ते २००९ या काळात पन्नासहून अधिक चित्रपट निघाले. माझा प्रश्न असा, की वर्षाला सरासरी एक या हिशेबाने रतीब घालणाऱ्या दिग्दर्शकाने बऱ्याच ठिकाणी पाट्याच टाकल्या असणार, असे समजावे का? आणि तसे असेल, तर यातले निवडावे काय? जाणकारांनी सांगावे.

पडवी
पाट्या टाकल्या आहेत, आणि त्यांनी ते कधी लपवलेही नाही. पण त्या कधी आणि कशासाठी टाकल्या, हे पाहिल्याशिवाय या माणसाचा हिशेब लागत नाही.

शाब्रोल यांचा जन्म १९३० मध्ये पॅरिसला, एका औषधविक्रेत्याच्या घरी झाला. युद्धाची वर्षे मध्य फ्रान्समधल्या सार्दाँ या खेड्यात गेली आणि तिथे या मुलाने एका कोठारात चित्रपट दाखवायला सुरुवात केली. पुढे ते 'काये द्यु सिनेमा' या चित्रपटविषयक मासिकात लिहू लागले आणि १९५७ मध्ये एरिक रोमेर यांच्याबरोबर त्यांनी हिचकॉकवर पुस्तक लिहिले. (अवांतर : त्याआधी हिचकॉकची मुलाखत घ्यायला गेलेले त्रुफो आणि शाब्रोल स्टुडिओच्या आवारातल्या गोठलेल्या हौदावर पाय ठेवून, बर्फ फुटून, टेपरेकॉर्डरसकट गार पाण्यात पडले होते. हा किस्सा त्रुफो यांनीच लिहून ठेवला आहे.)

पहिल्या पत्नीला वारशात मिळालेल्या पैशांतून त्यांनी 'ल बो सेर्ज' (१९५८) काढला आणि तो काढण्यासाठी ते पुन्हा त्याच सार्दाँ गावात गेले. त्यात शहरात राहून आलेला मित्र गावी परततो. लगेच पुढच्या 'ले कुझँ'मध्ये (१९५९) खेड्यातला मुलगा पॅरिसला येतो. नट तेच दोघे, जेरार ब्लँ आणि झाँ-क्लोद ब्रियाली, फक्त भूमिकांची अदलाबदल. दुसऱ्या चित्रपटाला बर्लिन महोत्सवाचे सुवर्ण अस्वल हे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. हाती पैसा होता तेव्हा त्यांच्या कंपनीने रोमेर आणि रिव्हेत या नवलाटेतल्या सोबती दिग्दर्शकांनाही हात दिला, हे नवलाटेच्या इतिहासात जितक्या ठळकपणे यायला हवे तितके येत नाही.

मग 'ले बॉन फाम' (१९६०) पडला आणि त्याच्यामागून आणखी काही पडले. तुम्ही म्हणता त्या पाट्या इथल्या आहेत : १९६४-६५ च्या सुमारास त्यांनी वाघ हे टोपणनाव असलेल्या गुप्तहेराचे दोन चित्रपट काढले, जे आज पाहिले नाहीत तरी काही बिघडत नाही. पण काम थांबवले असते तर निर्माते आंद्रे जेनोव्हेस यांच्याबरोबर 'ले बिश'पासून (१९६८) सुरू झालेला काळ आला असता की नाही, याची मला शंका आहे. छायाचित्रकार झाँ राबिए, संगीतकार पिएर जान्सेन आणि पत्नी व अभिनेत्री स्तेफान ओद्राँ हा संच तोवर एकमेकांच्या हाताला इतका सरावला होता, की पुढच्या तीन-चार वर्षांत एकामागून एक उत्तम चित्रपट आले. 'ल बूशे' त्यातलाच. त्रेमोला या गावात, गावच्याच लोकांना पडद्यावर आणून तो चित्रित झाला. खाटीक वर्गात येतो आणि बाईंना पुष्पगुच्छ द्यावा तशी कागदात गुंडाळलेली मटणाची मांडी देतो, हे तुम्हाला आठवत असेलच.

कोकमसार
पडवी यांच्या प्रतिसादाशी बहुतांशी सहमत आहे, परंतु त्यांनी चित्रपटसूची १९७० च्या आसपास संपवली आहे आणि माझ्या मते खरे घबाड त्यानंतरचे आहे. अभिनेत्री इझाबेल युपेर यांच्याशिवाय शाब्रोल अर्धेच कळतात. 'व्हियोलेत नोझिएर' (१९७८) ही १९३३ मध्ये आईवडिलांना विष देणाऱ्या मुलीची खरी हकीकत. तिच्यासाठी युपेर यांना कान महोत्सवाचा अभिनयाचा पुरस्कार मिळाला. 'युन अफेर द फाम' (१९८८) हा तर १९४३ मध्ये इतर बायकांचे गर्भपात करून दिल्याच्या गुन्ह्यासाठी गिलोटीनखाली गेलेल्या बाईवरचा, आणि तो पाहताना शाब्रोल कुणाची कड घेत आहेत हे शेवटपर्यंत नेमके सांगता येत नाही. औषधविक्रेत्याच्या या मुलाच्या चित्रपटांत विष, गुंगीचे औषध आणि आर्सेनिक इतक्यांदा यावे, हा निव्वळ योगायोग मानायला मी तयार नाही.

सुरुवात मात्र 'ला सेरेमोनी'पासून (१९९५) करावी. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या एका सुखवस्तू घरात कामाला राहिलेल्या सोफीला लिहिता-वाचता येत नाही आणि ती ते जिवापाड लपवते. मालकीण चिठ्ठी ठेवून जाते, तेव्हा त्या कागदाच्या कपट्याची जी धास्ती सोफीच्या चेहऱ्यावर दिसते, ती पुढच्या बंदुकांपेक्षा मला अधिक भयंकर वाटली. घरातली माणसे वाईट नाहीत, उलट सभ्य आहेत, आणि तोच पेच आहे. शाब्रोल यांनी थट्टेने याला मार्क्सवादी चित्रपट म्हटले होते.

अर्धविराम
दोघांचेही आभार. एक शंका : 'ला फाम अँफिदेल'ची (१९६९) कथा वाचताना ती कुठेतरी पाहिल्यासारखी वाटली. कुठे, ते लक्षात येत नाही.

पडवी
हॉलिवूडचा 'अनफेथफुल' (२००२) त्यावरच बेतलेला आहे, आणि आपल्याकडचा 'मर्डर' (२००४) त्या 'अनफेथफुल'वरून सुचलेला. म्हणजे शाब्रोल यांची कथा आपण बहुतेकांनी इमरान हाश्मीच्या गाण्यांसह आधीच पाहिलेली आहे.

मूळ चित्रपटात गाणी तर नाहीतच, आवाजही फारसे चढत नाहीत. पत्नीच्या प्रियकराचा खून केल्यावर नवरा शार्ल एखाद्या नेटक्या गृहिणीसारखा रक्त पुसतो, प्रेत गुंडाळून गाडीच्या डिकीत ठेवतो आणि वाटेत त्याच गाडीला मागून धडक बसून बघे जमतात. पुढे बायकोला त्याच्या कोटाच्या खिशात प्रियकराचा फोटो सापडतो. ती तो बघते, जाळून टाकते आणि नवऱ्याजवळ त्याविषयी एक अक्षरही काढत नाही.