मदत हवी आहे: अमेरिकेत मुलांना एकट्याने सांभाळणाऱ्या वडिलांना अन्नमदत कशी मिळते?

नमस्कार मंडळी,

थेट मुद्द्यावर येतो. मी अमेरिकेत राहतो. घरात मी आणि माझी दोन मुलं. मुलगी पहिलीत आहे, धाकटा अडीच वर्षांचा. घटस्फोट झालेला आहे, मुलांची आई दुसऱ्या राज्यात असते आणि मुलं कायम माझ्याकडेच असतात. माझी नोकरी गेली आहे. बेकारी भत्ता सुरू झालाय, पण घरभाडं, वीज आणि गाडीचा हप्ता गेला की जे उरतं त्यात महिना निघत नाही. सध्या घरात दूध मापाने ओततोय. धाकट्याला पेलाभर, मुलीला अर्धा, माझा चहा कोरा. मुलीच्या ते लक्षात आलंय. काल तिने स्वतःच्या पेल्यातलं थोडं भावाच्या पेल्यात ओतलं आणि माझ्याकडे न बघता पोळी खायला लागली. त्यानंतर मी हा धागा काढायचं ठरवलं.

शोधाशोध केली की सगळीकडे 'गरोदर स्त्रिया आणि माता' असंच दिसतं. 'विक' (WIC) ही सरकारी आहार योजना बायकांसाठीच आहे ना? वडिलांनी अर्ज केला तर चालतो का? फूड स्टॅम्पचं, म्हणजे किराण्यासाठीच्या सरकारी मदतीचं, काय? माझ्या ग्रीनकार्डला तीन वर्षं झाली आहेत, मुलीचंही तेवढंच, मुलगा इथे जन्मलेला. पुढे सिटिझनशिपला अडचण येईल का, ही धाकधूक आहेच. आणि अर्ज मंजूर व्हायला वेळ लागणार असेल तर या आठवड्यात काय करू?

ज्यांनी यातून वाट काढली आहे किंवा अशा ठिकाणी काम केलं आहे त्यांनी कृपया लिहा. मंडळातल्या ओळखीच्या लोकांना विचारायला अजून जीभ रेटत नाही.

निशिगंध:

दादा, आधी या आठवड्याचं बघू. फोनवरून २११ फिरवा. बहुतेक सगळीकडे हा नंबर चालतो, फुकट आहे. पिनकोड सांगितला की जवळच्या फूड पॅन्ट्री (फुकट किराणा देणारी केंद्रं) कुठे आहेत, कुठल्या वारी, किती वाजता उघडतात ते सांगतात. मी अशाच एका पॅन्ट्रीत शनिवारी पिशव्या भरायला जाते, म्हणून खात्रीने लिहिते.

आमच्याकडे येणाऱ्याला नाव, पत्ता आणि घरात माणसं किती एवढंच विचारतो. सरकारकडून आलेला माल असेल तर उत्पन्न अमुक मर्यादेच्या आत आहे अशी सही घेतात. पगाराच्या पावत्या वगैरे कुणी मागत नाही, ग्रीनकार्डही नाही. काही पॅन्ट्री ठरावीक पिनकोडपुरत्या असतात, तेवढं फोनवर विचारून घ्या आणि विजेचं बिल जवळ ठेवा. दारातच सांगा की घरात अडीच वर्षांचं मूल आहे. डायपर आणि दूध बऱ्याचदा मागच्या खोलीत असतं, ते विचारल्याशिवाय पुढे येत नाही. शाकाहारी असाल तर तेही सांगा, म्हणजे मांसाच्या डब्यांऐवजी राजमा, मसूर, तांदूळ देता येतात.

जवळ गुरुद्वारा असेल तर लंगर आहेच. तिथे तुम्ही कोण, कुठले, कुणी विचारत नाही. मुलांना घेऊन जा, पोटभर जेवतील.

माळरान:

मी 'विक' घेतलेला बाप आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

वडील अर्ज करू शकतात. स्पष्ट करू शकतात. ही योजना गरोदर आणि बाळंत स्त्रियांसाठी आहे, तशीच पाच वर्षांखालच्या मुलांसाठीही आहे, आणि मुलाच्या वतीने आई, वडील, आजी-आजोबा किंवा कायदेशीर पालक, कुणीही अर्ज करतं. तुम्हाला स्वतःसाठी काही मिळणार नाही, पण धाकट्याला पाचवा वाढदिवस होईपर्यंत मिळेल. मुलगी पहिलीत म्हणजे ती वयाने बाहेर गेली, तिच्यासाठी शाळेचा रस्ता आहे. त्याबद्दल कुणीतरी लिहीलच.

उत्पन्नाची अट दारिद्र्यरेषेच्या १८५ टक्के. तिघांच्या घरासाठी जुलै २०२५ ते जून २०२६ या काळात ती वर्षाला ४९,३०३ डॉलर आहे, कर कापण्याआधीचे. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. नोकरी गेलेली असेल तर गेल्या वर्षीचा पगार बघत नाहीत, बेकारीच्या काळातलं आत्ताचं उत्पन्न बघतात. त्यामुळे 'मागच्या वर्षी माझा पगार चांगला होता, मला कोण देणार' असं म्हणून घरी बसू नका. मी ओळखतो अशी माणसं तेवढ्यावरून अर्जच करत नाहीत.

पहिल्या भेटीला मुलाला न्यावं लागतं का ते फोनवर विचारा, बहुधा लागतं. स्वतःचं ओळखपत्र, मुलाचा जन्मदाखला, पत्त्याचा पुरावा, भत्त्याचं पत्र बरोबर ठेवा. मुलाचं वजन-उंची घेतात आणि बोट टोचून हिमोग्लोबिन बघतात. माझा मांडीवर बसून रडला, मग स्टिकर मिळाल्यावर गप्प झाला. रांगेत मी एकटाच पुरुष होतो आणि काउंटरवरच्या बाईंनी पहिल्यांदा "आई कुठे आहे?" असं विचारलं. "मुलाला मी सांभाळतो, अर्ज मी करतोय" एवढंच सांगितलं, पुढचं काम सुरळीत झालं. मुलं कायम तुमच्याकडे असतात हे सांगा, कारण एकाच मुलासाठी दोन घरांतून अर्ज चालत नाही.

मग कार्ड मिळतं. त्यावर पैसे नसतात, वस्तू असतात: दूध, अंडी, सीरियल, ब्रेड किंवा ब्राउन राइस, कडधान्य किंवा पीनट बटर. फळं-भाज्यांसाठी तेवढी रक्कम असते. ठरलेला ब्रँड, ठरलेलं माप. सोळा औंसाचं पाकीट लिहिलं असेल आणि तुम्ही अठराचं घेतलंत तर मशीन घेत नाही. दुकानात फळीवर किमतीच्या पट्टीशेजारी 'विक'ची छोटी खूण असते, ती बघून उचला. बहुतेक राज्यांचं अॅप आहे, त्यात वस्तूचा बारकोड टिपला की बसते की नाही ते लगेच कळतं. महिना संपला की उरलेलं पुढे जात नाही, म्हणून शेवटच्या आठवड्यात शिल्लक बघायची सवय लावून घ्या. आमच्याकडे कडधान्याच्या यादीत मसूर होती. सुकी मसूर दर महिन्याला यायची, तिची आमटी मुलाला अजून आवडते.

पैलतीर:

मी तर म्हणेन सरकारी काही घेऊच नका. 'पब्लिक चार्ज', म्हणजे सरकारी मदतीवर जगणारा, असा शिक्का बसला तर सिटिझनशिप गेली. मंडळातून वर्गणी काढू, पण कागदावर नाव नको.

शिरीष:

पैलतीर, तुमचा हेतू चांगला आहे, पण या भीतीपोटी लोक मुलांना उपाशी ठेवतात, म्हणून सविस्तर उत्तर देतो. मी वकील नाही, एका कायदेशीर मदत केंद्रात दुभाषा म्हणून जातो.

'पब्लिक चार्ज'ची कसोटी मुख्यतः व्हिसासाठी आणि ग्रीनकार्डचा अर्ज करताना लागते. धागाकर्त्यांकडे ग्रीनकार्ड आहे. नागरिकत्वाच्या अर्जात ही कसोटी नाही. ग्रीनकार्डवाला सलग १८० दिवसांहून जास्त देशाबाहेर राहून परत आला तर प्रश्न येऊ शकतो, तेवढं ध्यानात ठेवा. शिवाय २०२२ च्या नियमानुसार स्नॅप (फूड स्टॅम्पचं आताचं नाव), विक आणि शाळेचं जेवण या कसोटीत धरलेलंच नाही. तो नियम रद्द करण्याचा प्रस्ताव नोव्हेंबर २०२५ मध्ये आला आहे, म्हणून ज्यांचं ग्रीनकार्ड अजून व्हायचं आहे त्यांनी अर्जाआधी इमिग्रेशन वकिलाशी बोलावं. अशी केंद्रं फुकट सल्ला देतात, पत्ता २११ वरच मिळेल.

आता स्नॅपचं. प्रौढ ग्रीनकार्डधारकाला साधारणपणे पाच वर्षं थांबावं लागतं, त्यामुळे तुम्हाला स्वतःला बहुधा मिळणार नाही. अठरा वर्षांखालच्या ग्रीनकार्डवाल्या मुलांना ही पाच वर्षांची अट नाही आणि तुमचा मुलगा तर नागरिकच आहे. म्हणजे दोन्ही मुलांसाठी तुम्ही अर्ज करू शकता. फॉर्मवर 'कोणासाठी मागता' तिथे मुलांची नावं लिहा. तुमचं उत्पन्न हिशेबात येतं, ते खरं तेच लिहा.

सगळी कागदपत्रं जमेपर्यंत थांबू नका. नाव, पत्ता आणि सही एवढ्यावर अर्ज दाखल करता येतो आणि मंजूर झाला तर मदत त्या तारखेपासून मोजतात. बाकीचे कागद मागाहून द्या. निर्णय ३० दिवसांत द्यावा लागतो. पण महिन्याचं भाडं आणि वीज-पाणी मिळून तुमचं त्या महिन्याचं उत्पन्न आणि बँकेतली शिल्लक यांच्या बेरजेपेक्षा जास्त होत असेल तर सात दिवसांत मदत मिळायला हवी. मुलाखत बहुधा फोनवर होते. अनोळखी नंबर म्हणून फोन न उचलल्यामुळे फार अर्ज अडकतात, तेवढे दिवस प्रत्येक फोन घ्या. मराठी दुभाषा मागता येतो, तो त्यांनीच विनामूल्य द्यायचा असतो.

धागाकर्ता:

सगळ्यांचे मनापासून आभार. पैलतीर, तुमचेही. वर्गणीचं म्हणालात हेच खूप झालं.

भाड्याचा हिशेब करून बघितला. भाडं, वीज आणि गॅस मिळून भत्त्याच्या वर जातं आणि बँकेत जवळजवळ काही नाही. म्हणजे सात दिवसांवाल्यात बसेन असं वाटतंय. आज रात्री मुलं झोपली की अर्ज टाकतो. पॅन्ट्री उद्या सकाळी उघडते, तिथे जाऊन येतो.

मुलीच्या शाळेचं कुणी सांगाल का? ती शाळेत डबा नेते. फुकट जेवण घेतलं तर वर्गात कळेल, मुलं चिडवतील, असं मनात येतं. तिला आधीच कमी सोसावं लागलेलं नाही.

अंगणओटा:

मी शाळेत मदतनीस आहे, लंचरूममध्येच ड्यूटी असते. कुणाचं जेवण फुकट आणि कुणाचं विकत, हे मुलांना कळू द्यायचं नाही असा केंद्र सरकारचाच नियम आहे. सगळी मुलं एकाच रांगेत उभी राहतात आणि आपापला नंबर दाबतात. पडद्यावर काय येतं ते पलीकडच्या मुलाला दिसत नाही. माझ्यासमोर रोज शेकडो ताटं जातात आणि कुणाचं कुठलं ते मलाही कळत नाही.

आधी शाळेच्या ऑफिसला एवढंच विचारा, "इथे सगळ्यांनाच फुकट आहे का?" कॅलिफोर्निया, मेन, मिनेसोटा, न्यू मेक्सिको अशा काही राज्यांत सगळ्या मुलांना फुकट जेवण आहे आणि इतरत्रही गरीब वस्तीतल्या अनेक शाळा तसं देतात. तसं असेल तर काहीच करायला नको. नसेल तर फॉर्म आहे, तो वर्षात कधीही भरता येतो. ऑगस्टमध्येच भरायचा असतो असं बऱ्याच पालकांना वाटतं. दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत पूर्ण फुकट, १८५ टक्क्यांपर्यंत सवलतीत, तेव्हा दुपारच्या जेवणाला जास्तीत जास्त ४० सेंट. फॉर्मवर इमिग्रेशनचं काही विचारत नाहीत.

आणि मुलीला स्नॅप मंजूर झालं तर तिचं नाव शाळेकडे आपोआप जायला हवं, वेगळा फॉर्म लागत नाही. तरी चार-आठ दिवसांनी शाळेला विचारून खात्री करा. नाश्तासुद्धा असतो बरं का, तो विसरू नका. सुट्टीत काही राज्यांत मुलामागे १२० डॉलर कार्डावर येतात, 'सन बक्स' म्हणतात त्याला. तुमच्या राज्यात आहे का ते मे महिन्यात बघा.

मांसाहार नको असेल तर पहिल्या दिवशीच लंचरूममध्ये सांगून ठेवा, आणि मुलीलाही शिकवा की "नो मीट प्लीज" म्हणायचं.

निशिगंध:

धागाकर्ते दादा, पॅन्ट्री कशी झाली?

धागाकर्ता:

दूध मिळालं, दोन गॅलन. तांदूळ, बटाटे, सफरचंदं, ओट्स, आणि तुम्ही म्हणालात तसं विचारल्यावर डायपरही. तिथल्या आजींनी मुलीला विचारलं, "तुला काय आवडतं?" आणि तिने स्ट्रॉबेरी मागितल्या. होत्या त्यांच्याकडे.

अर्ज रात्रीच गेला. 'विक'ची वेळ पुढच्या मंगळवारची मिळाली आहे, मुलाला घेऊन या म्हणाले. शाळेचा फॉर्म आणून ठेवलाय. एकच अडलंय. त्यात घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांचं उत्पन्न लिहायला सांगितलंय. मुलांच्या आईचं लिहायचं का?

अंगणओटा:

नाही. ती तुमच्या घरात राहत नाही, तेव्हा तिचं उत्पन्न लिहायचं नाही. तिच्याकडून मुलांसाठी दरमहा काही पैसे येत असतील तर तेवढी रक्कम 'चाइल्ड सपोर्ट'च्या रकान्यात लिहा. काहीच येत नसेल तर तिथे शून्य टाका. खाली तुमच्या सोशल सिक्युरिटी नंबरचे शेवटचे चार आकडे मागतील, ते भरा आणि सही करा. सही राहिली की फॉर्म परत येतो.