घरी भरलेले काडतूस चेंबरमध्ये पूर्ण बसत नाही

प्रश्न: .२२३ रेमिंग्टनची काडतुसे मी घरी भरतो. बोल्ट ॲक्शन रायफलीत ती वर्षभर बिनतक्रार चालली. परंतु त्याच पुंगळ्या (काडतुसाची धातूची आवरणे) पुन्हा भरून एआर-१५ या सेमी-ऑटोमॅटिक रायफलीत वापरल्या असता दहापैकी दोन-तीन वेळा बोल्ट (काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या पोकळीत, ढकलून ती बंद करणारा भाग) थोडक्यासाठी उघडा राहतो. मी फक्त मानेचे सायझिंग करतो (पुंगळीची मान दाबून मापात आणतो) आणि शेवटी क्रिम्प देतो (पुंगळीचे तोंड गोळीभोवती आवळतो). एकदा फॉरवर्ड असिस्टने (बोल्ट पुढे ढकलायच्या बटणाने) बोल्ट बसवला, तर काडतूस बाहेर काढताना घाम फुटला. दोष कोठे शोधावा?

उत्तर १: केवळ मानेचे सायझिंग, हेच बहुधा मूळ आहे. उडालेली पुंगळी आपल्या चेंबरच्या मापाला फुगते. बोल्ट ॲक्शनमध्ये किंचित घट्ट काडतूसही दांडीच्या तरफेने आत दाबले जाते. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये हे काम एकट्या स्प्रिंगवर येते आणि तिथे ती कमी पडते. पूर्ण लांबीची सायझिंग डाय (पुंगळी दाबून मापात आणणारा साचा) वापरावी आणि पुंगळीचा खांदा (मानेखालचा उतार), याच रायफलीत उडालेल्या पुंगळीच्या तुलनेत, सुमारे ०.००३ इंच मागे न्यावा. अंदाजाने डाय खाली फिरवत बसू नये, कारण खांदा फार मागे गेला तर प्रत्येक बाराला पुंगळी ताणली जाते आणि काही फेऱ्यांनंतर बुडाच्या वरच्या भागात तुटते.

उत्तर २: क्रिम्पही तपासावा. पुंगळ्यांची लांबी एकसारखी नसेल, तर लांब पुंगळीवर क्रिम्प जास्त बसतो आणि खांद्याखाली डोळ्यांना न दिसणारा फुगवटा येतो. कमाल लांबी १.७६० इंच आहे. मी सर्व पुंगळ्या १.७५० इंचांवर कापतो. पुंगळीच्या रिकाम्या नमुन्यावर, म्हणजे दारू आणि प्राइमर (दारू पेटवणारी बुडातली टोपी) न घालता गोळी बसवून, मार्करची शाई लावावी. चेंबरमध्ये शाई जेथे पुसली जाईल, तेथे घर्षण आहे.

उत्तर ३: फॉरवर्ड असिस्टचा मोह टाळावा. जे काडतूस आपणहून बसत नाही, ते नळी सुरक्षित दिशेला ठेवून बाहेर काढावे. या रायफलीची फायरिंग पिन मोकळी असते, त्यामुळे प्राइमर पुंगळीच्या बुडापेक्षा किंचित आतच असला पाहिजे. उंच राहिलेला प्राइमर अवेळी बार उडवू शकतो. उरलेली सर्व काडतुसे गेजमध्ये (चेंबरच्या मापाच्या तपासणी-साच्यात) घालून पाहावीत आणि न बसणारी सुटी करावीत.

प्रश्नकर्ता: शाई लावून पाहिली. पाचपैकी चार नमुन्यांवर ती खांद्यावरच पुसली गेली. पाचव्यावर मात्र खांद्याच्या खाली, आणि ती पुंगळी १.७६४ इंच भरली. म्हणजे दोन्ही दोष माझेच होते. पूर्ण लांबीची डाय मागवली आहे. तोवर एकही काडतूस रायफलीत घालणार नाही.