घरापासून 170 मीटरवरच्या बागेतील खोलीपर्यंत वाय-फाय कसे न्यावे?

धुऱ्यापलीकडची
आमचे घर वरूड तालुक्यातील एका गावाच्या शेवटच्या टोकाला असून घरामागूनच संत्र्याची बाग सुरू होते. बागेच्या पलीकडच्या धुऱ्यावर (बांधावर), विहिरीला लागून, विटांची एक खोली आहे. तिच्यावर टिनाचे छप्पर असून दार लोखंडी आहे. गच्चीपासून त्या खोलीपर्यंतचे सरळ अंतर नकाशावर 170 मीटर भरते. घरी फायबरची 100 एमबीपीएसची जोडणी आहे. मी हिशेबाची कामे ऑनलाइन करते आणि त्यासाठी दिवसा त्या खोलीत बसण्याचा विचार आहे. शिवाय आंबिया बहाराची फळे झाडावर असताना तेथे दोन कॅमेरेही लावायचे आहेत, कारण चोरी आणि रोही (नीलगाय) या दोन्हींचा त्रास आहे. गच्चीच्या कोपऱ्यात रिपीटर ठेवला असता खोलीबाहेर फोनवर दोन दांड्या दिसतात, पण पान काही उघडत नाही. खोलीतील वीज शेतीच्या मीटरवरून येते. खर्चाची तयारी दहा-बारा हजारांची आहे. जाणकारांनी कृपया मार्ग सुचवावा.

गच्चीवरचा अँटेना
ताई, दांड्या दिसूनही पान न उघडण्याचे कारण असे की, त्या दांड्या केवळ रिपीटरचा आवाज फोनपर्यंत पोहोचतो एवढेच सांगतात. फोनचा स्वतःचा क्षीण आवाज उलट दिशेने गच्चीपर्यंत पोहोचतो की नाही, हे त्यांवरून कळत नाही. त्यात साधा रिपीटर ऐकणे आणि पुढे सांगणे ही दोन्ही कामे एकाच रेडिओवर करतो, त्यामुळे वेग जवळपास निम्मा होतो. एवढ्या अंतरासाठी दिशादर्शक अँटेनांची जोडी, म्हणजे वायरलेस ब्रिज, हाच उपाय आहे: एक गच्चीवर, दुसरा खोलीवर, दोघे समोरासमोर. टीपी-लिंकचे सीपीई 510 किंवा युबिक्विटीचे नॅनोस्टेशन या वर्गातील उपकरणांना 170 मीटर म्हणजे काहीच नाही.

अट एकच, मध्ये झाडे नकोत. येथे दोन्ही अँटेना एकमेकांना नुसते दिसून भागत नाही. 5.8 गिगाहर्ट्झवर या अंतरासाठी मार्गाच्या मध्यावर सरळ रेषेभोवती सुमारे दीड मीटर त्रिज्येचा पट्टा लहरींना लागतो आणि त्यातील निदान 60 टक्के भाग मोकळा असावा लागतो. तुमची झाडे पाच मीटर उंच असतील, तर दोन्ही टोकांचे अँटेना जमिनीपासून सहा मीटरांच्या वर गेले पाहिजेत आणि झाडे अजून वाढणार आहेत हे धरून सात मीटर उंची ठेवावी. गच्चीवर तीन मीटरचा पाइप पुरेल. टिनाच्या छपरावर मात्र ताण दिलेला चांगला चार मीटरचा पाइप लागेल. 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी पानांतून थोड्या बऱ्या जातात, असे सांगून कोणी ती जोडी विकू पाहील. पण सहा मीटरवर एक ओळ धरली तरी तुमच्या मार्गात सत्तावीस-अठ्ठावीस ओळी येतात आणि पावसात भिजलेली पाने तर लहरी शोषूनच घेतात.

काळी माती
वरील हिशेब बरोबर आहे, तरीही माझे मत वेगळे आहे. सपाट वावरात, विहिरीजवळ, सात मीटर उंचीपर्यंत लोखंडी पाइप उभा करून त्याच्या टोकापासून तांब्याची वायर खोलीत आणणे मला धोक्याचे वाटते. आपल्याकडे मृगाच्या आधीच्या वादळांत वीज किती पडते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. तेथे अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टर (विजेचा झटका अडवणारे उपकरण) दोन्ही नीट करावे लागतील, आणि ते नीट करून देणारा माणूस गावात मिळेलच असे नाही.

मी फायबर टाकण्याचा सल्ला देईन. तांब्याच्या लॅन केबलची मर्यादा 100 मीटर आहे, त्यामुळे ती येथे बादच होते. सिंगल मोड फायबरला हे अंतर जाणवतही नाही आणि काचेतून विजेचा धक्का घरात येत नाही. दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टरची (फायबरमधला प्रकाश आणि लॅन केबल यांची सांगड घालणाऱ्या उपकरणांची) जोडी लागते. एकाच तंतूवर चालणारी जोडी घेतल्यास एक 1310 नॅनोमीटरवर आणि दुसरा 1550 वर पाठवतो, म्हणून ‘ए’ आणि ‘बी’ असे दोन वेगळे नग मागावेत. दुकानातून दोन्ही ‘ए’ हाती पडणे हा नेहमीचा प्रकार आहे. केबलच्या टोकाचा निळा कनेक्टर आणि हिरवा कनेक्टर एकमेकांत जोडू नयेत. या कन्व्हर्टरांना बहुधा निळा लागतो. केबल दोन तंतूंची घ्यावी, एक राखीव राहतो. टोके जोडून देण्याचे काम तुमच्या इंटरनेटवाल्याकडे येणारा स्प्लायसिंगचा (तंतू वितळवून जोडण्याचा) कारागीर करतो.

केबल झाडांवरून किंवा खांबांवरून ओढू नका, वानरे तिला झोका समजतात. बागेतून सरळ चरही खोदू नका, कारण संत्र्याची अन्न घेणारी मुळे वरच्या थरातच असतात. धुऱ्याच्या कडेने अंतर सव्वादोनशे मीटर झाले तरी चालेल, पण 32 मिलिमीटरच्या एचडीपीई पाइपात, निदान दोन फूट खोल टाका. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, म्हणून केबल पाइपात ताणलेली नसावी आणि दोन्ही टोकांना दोन-तीन मीटरचे वेटोळे ठेवावे. ड्रॉप केबलमध्ये (घरापर्यंत आणायच्या बारीक फायबर केबलमध्ये) आधाराची पोलादी तार असते. ती खोलीत किंवा घरात आत न नेता भिंतीबाहेरच कापून टाकावी, नाहीतर वीज न वाहणारी केबल घेतल्याचा हेतूच उरत नाही.

नवखा_मोर्शी
एवढ्या खटाटोपापेक्षा खोलीत सिमकार्डचा 4जी राउटर का ठेवू नये? किंवा विजेच्या तारांतूनच इंटरनेट नेणारे अडॅप्टर?

काळी माती
अडॅप्टरांना दोन्ही टोके एकाच मीटरमागच्या वायरिंगवर लागतात. येथे घराचा आणि शेतीचा मीटर वेगळा, बहुतेक डीपीही (रोहित्रही) वेगळी, त्यामुळे तो विषय संपला. सिमकार्ड चालेल, पण दोन कॅमेऱ्यांचे चित्रण सतत बाहेर पाठवायचे तर डेटा पुरणार नाही. फोनला तेथे रेंज किती असते?

धुऱ्यापलीकडची
बागेत एक दांडी, तीही कधीकधी.

फीडरची पाळी
सर्वजण लहरी आणि तारेवर बोलत आहेत. माझ्या मते या कामाचा निम्मा भाग विजेचा आहे. शेतीच्या फीडरवर (वीजवाहिनीवर) वीज पाळीने येते आणि कोणत्या आठवड्यात दिवसा, कोणत्या आठवड्यात रात्री, हे आपल्या हाती नसते. कन्व्हर्टर, अ‍ॅक्सेस पॉइंट (खोलीत वाय-फाय देणारे उपकरण) आणि दोन कॅमेरे मिळून साधारण 18 वॅट धरा. दिवसाचे आठ तास वीज मिळाली तर उरलेल्या सोळा तासांसाठी 288 वॅट-तास लागतात. बाजारातील राउटरचे छोटे यूपीएस तेवढे टिकत नाहीत. 12 व्होल्ट 40 अ‍ॅम्पिअर-तासांची लिथियम फॉस्फेट बॅटरी आणि तिचा योग्य चार्जर घ्यावा. शक्य असेल तर 100 वॅटचा सौर पॅनेल जोडावा, म्हणजे डीपी जळाली तरी दिवसाचे काम अडणार नाही. घरच्या राउटरलाही यूपीएस हवा, कारण तो बंद पडला की बागेतले सारे बंद. कॅमेऱ्यांत मेमरी कार्ड जरूर टाका. इंटरनेट नसतानाही चित्रण तेथेच साठेल.

आणखी एक, घरगुती राउटर साधारणपणे 40 अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच 45 असते, टिनाखाली तर विचारूच नका. पेटी छपराखाली न लावता उत्तरेच्या भिंतीवर, कमरेच्या उंचीला लावा.

गच्चीवरचा अँटेना
धुऱ्याने चर काढता येत असेल तर मीही फायबरच्याच बाजूने मत देईन. ब्रिज स्वस्त आणि झटपट आहे, एवढीच त्याची बाजू. खोलीतील जुना राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर ठेवा, त्याचा डीएचसीपी (उपकरणांना नेटवर्कचे पत्ते वाटण्याची सोय) बंद करा आणि केबल लॅनच्या खोबणीत लावा. विटांची भिंत आणि लोखंडी दार यांमुळे आतला वाय-फाय बाहेर फारसा पोहोचणार नाही, म्हणून कॅमेरे वायरनेच जोडा.

धुऱ्यापलीकडची
सर्वांचे मनापासून आभार. ठिबकच्या नव्या मुख्य पाइपासाठी या उन्हाळ्यात धुऱ्याने चर निघणारच आहे, त्यामुळे फायबरचे नक्की केले. बॅटरीचा खर्च पुढच्या हप्त्यात करू. त्याच चरातून पंपाची वीजतारही जाणार आहे. फायबर तिच्यासोबत चालेल का?

काळी माती
काचेला विजेच्या तारेचा त्रास नाही. तरीही फायबरचा पाइप वेगळा ठेवा आणि वीजतारेपासून फूटभर दूर टाका, कारण उद्या पंपाची तार दुरुस्त करायला येणारा माणूस कुदळ चालवताना तुमच्या केबलचा विचार करणार नाही. चर बुजवण्यापूर्वी कन्व्हर्टर लावून दोन्ही तंतू तपासून घ्या आणि पाइपाच्या वर वीतभर मातीनंतर पिवळी इशारा-पट्टी अंथरा.