मदत हवी आहे: हॉस्पिटलची पत्रं प्रॅक्टिसमधल्या फार्मासिस्टकडे कोणती द्यावीत?

लीड्सकर: आमच्या जीपी प्रॅक्टिसमध्ये (इंग्लंडातल्या फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात) नवीन फार्मासिस्ट आली आहे. ठरलं होतं की ती औषधांचे आढावे घेईल. पण रिसेप्शन हॉस्पिटलची सगळी पत्रं तिच्याकडेच ढकलतं. १४० तुंबलीत. सोमवारी मीटिंग आहे, लवकर सांगा.

मिडलँड्स: ती प्रिस्क्रायबर आहे का, म्हणजे स्वतः औषध लिहून देऊ शकते का? रेकॉर्डचं सॉफ्टवेअर सिस्टमवन की इमिस? पीसीएनची (आसपासच्या प्रॅक्टिसेसच्या गटाची) की तुमची स्वतःची?

कावेरी: पत्रं आधी कोडिंगवाल्यांनी (पत्रातली माहिती रेकॉर्डवर चढवणाऱ्यांनी) वाचावीत. औषधात बदल असेल तेवढंच तिच्याकडे, बाकी फाइल. एवढं सोपं आहे.

रिपीट_रीड: सोपं नाही. वॉर्डात किडनीचं काम अचानक ढासळलं म्हणून रॅमिप्रिल (रक्तदाबाची गोळी) थांबवतात. कारण पत्राच्या मधल्या परिच्छेदात असतं, शेवटच्या यादीत गोळी नुसती नसते. ‘बंद केली’ असं कुठेच लिहिलेलं नाही, म्हणून कोडर ‘बदल नाही’ म्हणतो. रिपीटवर (नेहमीच्या औषधांच्या यादीत) ती तशीच राहते आणि पुढच्या महिन्यात पुन्हा घरी पोचते. भरती झालेल्यांची सगळी पत्रं तिच्याकडेच हवीत. ओपीडीच्या पत्रांना तुमची चाळण लावा.

कावेरी: भरतीच्या पत्रांचं मान्य. पण मग आढावे कधी घेणार? एकेकाला अर्धा तास लागतो.

लीड्सकर: प्रिस्क्रायबर नाही. सिस्टमवन. पीसीएनची, आमच्याकडे मंगळवार-गुरुवार.

मिडलँड्स: हे आधी सांगायला हवं होतं. ती सही करू शकत नाही, म्हणून तिचं प्रत्येक काम ड्यूटी डॉक्टरांना टास्क म्हणून गेलं पाहिजे, एका ओळीत: काय बदलायचं, का, रक्त कधी तपासायचं. वॉरफरिन, डोअॅक (रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्या), मेथोट्रेक्सेट, लिथियम, इन्सुलिन असलेलं पत्र मंगळवारची वाट पाहणार नाही, त्याच दिवशी डॉक्टरांकडे. आणि हॉस्पिटलमधून मिळणारं मेथोट्रेक्सेटही रेकॉर्डवर ‘बाहेरून मिळतं’ म्हणून चढवा, नाहीतर ट्रायमेथोप्रिम (अँटिबायोटिक) लिहिताना दोन्ही एकत्र धोक्याची असल्याचा इशारा येणारच नाही.

रिपीट_रीड: डोअॅकची मात्रा लॅबच्या ईजीएफआरवरून (किडनीच्या कामाच्या अंदाजावरून) ठरवू देऊ नका. बाई ८२ वर्षांची, वजन ५४ किलो, रक्तातलं क्रिएटिनिन ११८. ईजीएफआर ३७ दिसतो. कॉकक्रॉफ्ट-गॉल्टने, म्हणजे वय आणि वजन धरणाऱ्या सूत्राने, (१४० − ८२) × ५४ × १.०४ (बायकांसाठीचा गुणक) ÷ ११८, म्हणजे साधारण २८. तीसच्या खाली डॅबिगॅट्रान हे डोअॅक चालत नाही. त्या तुंबलेल्या १४० पैकी आधी डोअॅकवाल्यांची पत्रं काढा. वजनाची नोंद कधीची आहे तेही बघा. जुनी असेल तर आकडेमोड करण्याआधी नर्सकडून वजन करून घ्या.