बऱ्या झालेल्या बाईने गावात बोलावं का? पिशवीच्या तोंडाच्या तपासणीबद्दल

बालाघाट:
राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं होतं, गर्भाशयमुखाच्या, म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या, कर्करोगाची तपासणी आयुष्यात एकदा तरी केली आहे का? देशभरात 'हो' म्हणणाऱ्या निघाल्या १.९ टक्के. तपासणी सरकारी आहे, फुकट आहे, तिशीनंतरच्या प्रत्येक बाईसाठी आहे. २०१६ पासून तिची मार्गदर्शक तत्त्वंही आहेत. तरी बायका येत नाहीत.

माझं मत स्पष्ट आहे. गावातली, उपचार घेऊन बरी झालेली बाई बचत गटात, हळदीकुंकवात उठून बोलली तर जे होईल ते दहा वर्षं भिंतीवर चिकटवलेल्या पोस्टरने होणार नाही. आमच्याकडे कॅन्सर माहीत आहे तो फक्त मेलेल्या माणसांवरून. ज्या बऱ्या होतात त्या लपवतात. मुलीच्या सोयरिकीत अडचण नको, सासूने ताट वेगळं करायला नको, म्हणून 'पोटाचं ऑपरेशन झालं' एवढंच सांगतात. मग गावाला वाटतं, हा आजार झाला की माणूस जातोच. आणि जायचंच असेल तर आधी कळून काय करायचं? हा प्रश्न अडाणीपणाचा नाही, डोळ्यांसमोर जेवढं दिसतं त्यावरून विचारलेला आहे. डोळ्यांसमोरचं बदललं पाहिजे.

बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाने १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू केली. नोंदणीची माणसं गावोगाव जाऊन बोलत राहिली, अंगावरून जाणं, मधेच रक्त दिसणं यांवर न लाजता विचारत राहिली. कुठलंही नवं यंत्र न येता लवकरच्या टप्प्यात सापडणाऱ्या बायकांचं प्रमाण वाढलं. बोलण्याने फरक पडतो, हे आपल्याच मुलखात दिसलेलं आहे.

विदा_आधी:
असहमत. बार्शीचंच उदाहरण पुढे नेतो. त्याच रुग्णालयाने टाटा मेमोरियलच्या आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या साथीने तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात मोठा अभ्यास केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, गावांचे ५२ गट. निष्कर्ष २००९ मध्ये आले. हा कर्करोग ज्याच्यामुळे होतो त्या एचपीव्ही विषाणूची चाचणी फक्त एकदा झालेल्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, तपासणी न झालेल्या गटात ६४. त्या बायका कुणाची कहाणी ऐकून आल्या नव्हत्या. आरोग्यसेविका घरी गेली, नावानिशी बोलावलं, तारीख दिली. चारांतल्या तिघी तरी आल्या.

त्याच अभ्यासात व्हिनेगरसारखं द्रावण लावून डोळ्यांनी बघायची तपासणीही होती. ती एकदा करून मृत्यूंमध्ये ठोस घट दिसली नाही. मुंबईच्या वस्त्यांमध्ये हीच तपासणी दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत केली तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. आज आपल्या उपकेंद्रांवर बहुतेक ठिकाणी हीच द्रावणाची तपासणी आहे. म्हणजे बाईला परत परत यावं लागणार. भावूक होऊन एकदा आलेली बाई पुढच्या वेळी कोणाच्या सांगण्यावरून येणार? त्याला नोंदवही लागते, बोलावणं लागतं.

दुसरं, बरी झालेलीच बोलते. मेलेली बोलत नाही. ऐकणाऱ्यांना वाटेल उपचार घेतले की सगळ्याच बऱ्या होतात. उशिरा सापडलेल्यांच्या बाबतीत ते खरं नाही.

बालाघाट:
@विदा_आधी, त्या अभ्यासाला परदेशी निधी होता, प्रशिक्षित माणसं होती, एकच काम होतं. आमच्या आशाताईकडे लसीकरण, बाळंतपणं, कुष्ठरोग, क्षयरोग, सर्वेक्षणं आणि वर तिशीपुढच्या प्रत्येकाला आजारांबद्दल विचारून भरायची चेकलिस्ट. ती दारात उभी राहून दोन मिनिटं बोलते. त्या दोन मिनिटांत 'हो' येण्यासाठी ऐकणारीच्या मनात आधी काहीतरी रुजलेलं हवं.

सोलापुरी:
तोंडाच्या कर्करोगाचं काय? शरद पवार स्वतःच्या आजाराबद्दल आणि गुटख्याबद्दल कितीतरी वर्षं जाहीर बोलत आहेत. आर. आर. पाटील २०१५ मध्ये याच आजाराने गेले, अख्ख्या महाराष्ट्राने हळहळ केली. टपरीवरची गर्दी कमी झाली का? घरोघरच्या बायकांची मिश्री सुटली का? मोठ्या माणसाच्या गोष्टीने होत नाही तर शेजारणीच्या गोष्टीने काय होणार?

परदेशस्थ:
@सोलापुरी, शेजारणीच्याच गोष्टीने होतं, हाच तर मुद्दा आहे. पुढाऱ्याला मुंबईतले सगळ्यात चांगले डॉक्टर मिळतात, हे ऐकणाऱ्याला माहीत असतं. इथे अमेरिकेत अर्कान्सास राज्याच्या ग्रामीण भागात नव्वदच्या दशकात 'विटनेस प्रोजेक्ट' नावाचा उपक्रम झाला. स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या कृष्णवर्णीय बायका आपापल्या चर्चमध्ये, आपल्याच माणसांपुढे बोलायच्या. नंतरच्या अभ्यासात, जिथे त्या बोलल्या तिथल्या बायकांमध्ये मॅमोग्राफीचं (स्तनाच्या एक्स-रे तपासणीचं) प्रमाण वाढलेलं दिसलं. सोबत तपासणी कुठे, कशी, खर्चाचं काय हेही तिथेच सांगत. नुसती कहाणी नव्हती.

कोयता:
तुम्ही सगळे चांगलं बोलताय, पण आमच्या बाजूचं ऐका. मी बीडचा, आईवडील ऊसतोडीला जायचे. २०१९ च्या सरकारी समितीच्या पाहणीत ८२ हजारांवर ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. कित्येकींना खासगी दवाखान्यात 'कॅन्सर होईल' असंच घाबरवलेलं होतं. आमच्याकडे 'पिशवीची तपासणी' म्हटलं की बायकांना 'पिशवी काढणार' एवढंच ऐकू येतं. तिथे तुम्ही ऑपरेशन झालेली बाई उभी केली तर भीती कमी होणार का वाढणार? आमच्या बायकांना कॅन्सरचं नाव घेऊन आधीच एकदा लुटलंय.

उपकेंद्र:
मी समुदाय आरोग्य अधिकारी आहे, ही तपासणी रोज करते. @कोयता यांचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे, आणि त्याला उत्तरही आहे.

बोलायला कॅन्सर झालेली बाईच कशाला हवी? विषाणू लागल्यापासून कर्करोग व्हायला बहुधा १५ ते २० वर्षं लागतात. मधल्या काळात फक्त पेशी बदललेल्या असतात. त्या टप्प्यावर सापडलं तर खराब भाग थंड करून किंवा उष्णता देऊन नष्ट करतात. पोट उघडावं लागत नाही, पिशवी जागेवर राहते, बाई त्याच दिवशी घरी जाते. अशा बायका गावात आहेत. त्यांना सांगण्यासारखं काही घडलंय असं त्यांना स्वतःलाच वाटत नाही. 'माझी पिशवी आहे, मला दुसरं पोर झालं' असं त्यातली एखादी म्हणाली तर त्या भीतीवर तेच औषध. तपासणीत पांढरा डाग दिसल्यावर पिशवी काढा म्हणणाऱ्या डॉक्टरला उलटा प्रश्न विचारायची ताकदही त्यातून येते.

आणि बोलताना दुःख नको, तपशील हवा. बाईच तपासते. पडदा असतो. द्रावण लावून मिनिटभर थांबतात, थोडं चुणचुणतं. पाळीत येऊ नये. पांढरा डाग उमटला म्हणजे कॅन्सर नाही, पुढे बघायला पाठवतात. माझ्या टेबलावरून बायका उठून जातात त्या या छोट्या गोष्टी न कळल्यामुळे, मरणाच्या भीतीने नाही.

खरी गळती नंतर होते. डाग दिसलेली बाई जिल्ह्याला पाठवायची तर मजुरी बुडते, सोबत कोण, एसटी कधी. तिथे पुन्हा 'पुढच्या मंगळवारी या'. अशी बाई परत गावात येते आणि तिचीही एक गोष्ट तयार होते. ती गोष्ट तपासणीच्या विरोधात जाते आणि फार वेगाने पसरते.

रानवारा:
बोलणाऱ्या बाईचा विचार कुणी केला का? एकदा व्यासपीठावर बसवली की प्रत्येक शिबिराला तीच. फोटो, व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ, आणि उद्या मुलीच्या सासरी तोच व्हिडिओ. तिला लिहून विचारा, नको म्हणायची मोकळीक द्या, चित्रीकरण बंद ठेवा, आणि दिवसाची मजुरी द्या. डॉक्टरला मानधन मिळतं, हिला नारळ आणि शाल. हे जमत नसेल तर माझा पूर्ण विरोध.

बालाघाट:
मजुरी आणि चित्रीकरण बंद, दोन्ही मान्य. @उपकेंद्र ताई, लवकर उपचार झालेल्या बायकांनी आधी बोलावं हे मला पूर्ण पटलं. पण ज्यांना खरंच कॅन्सर होऊन गेला त्यांना मी बाजूला ठेवणार नाही. महात्मा फुले योजनेत उपचार बसले का, कागद कोणते लागले, रेडिएशनच्या दिवसांत घर कोणी सांभाळलं, हे त्याच सांगू शकतात. ज्या बाईच्या हातात आज रिपोर्ट आहे तिला तेच हवं असतं.

विदा_आधी:
माझी अट कायम. पुढची तारीख, रेफर केलेल्यांची यादी आणि त्यातल्या किती जणी पोहोचल्या हे ग्रामसभेत वाचून दाखवायची तयारी असेल तरच बोलणारी बाई उभी करा. नाहीतर तिच्या शब्दावर विश्वास ठेवून आलेल्यांना तिनेच फसवलं असं गाव म्हणेल.

कोयता:
आणि हळदीकुंकवाचा आग्रह सोडा. विधवांना तिथे बोलावत नाहीत, आणि संक्रांतीला आमच्या बायका कारखान्याच्या फडात असतात. दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात, परत येईपर्यंत उन्हाळा लागतो. जूननंतर वस्तीवर या, मुकादमाला न विचारता या, आणि डाग दिसला तर उपचार त्याच दिवशी होईल असं यंत्र सोबत आणा. दुसऱ्या तारखेला यायला त्या गावात नसतील.