जुलैत लेकीकडं न्यू जर्सीला जाऊलालोय, ब्लूबेरी तोडायला न्यायचं म्हणते. काय काय बघून जावं?

कणकुंबीची लेक (शहापूर, बेळगाव)

नमस्कार मंडळी. 6 जुलैला आम्ही दोघं दीड महिन्यासाठी लेकीकडं एडिसनला जाऊलालोय. परवा फोनवर म्हणाली, आई, तुला एका शेतात नेणार. ब्लूबेरी आपल्या हातानं तोडायच्या आणि वजन करून विकत घ्यायच्या. आमचे हे लगेच म्हणाले, "राबायचं पण आपणच आणि पैसे पण आपणच द्यायचे? बरं आहे की ओ तिकडच्या शेतकऱ्याचं!" तेव्हापासून रोज एकदा तरी ते वाक्य ऐकूलालेय.

मला मात्र जायचंय. माझं माहेर कणकुंबी. मे महिन्यात आम्ही चौघी बहिणी उजाडताच करवंदांच्या जाळीत शिरायचो. देठातनं पांढरा चीक यायचा, बोटं एकमेकाला चिकटायची, मग माती चोळायची आणि परत तोडायचं. हाताला काट्यांचे ओरखडे आणि परकराला डाग, आई दोन्हीवरनं ओरडायची. पहिलं करवंद दातानं फोडून बघायचं, आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. नातवंडं 9 आणि 6 वर्षांची आहेत. फळ डब्यातनं येतंय एवढंच त्यांना ठाऊक.

आता शंका. माझे गुडघे गेलेत, वाकून तोडायला लागतंय काय? यांना शुगर आहे, शेतात खात सुटले तर? साडी चालेल का? आणि मुख्य भीती म्हणजे पोचल्यावर फळच नसलं तर. तीन वर्षांमागं आम्ही घाटावर एका स्ट्रॉबेरीच्या बागेत गेलो होतो. माणशी पैसे आधी घेतले आणि आत जाऊन बघतोय तर सगळं आदल्या दिवशीच तोडून नेलेलं. अकरा हिरव्या स्ट्रॉबेऱ्या घेऊन परत आलो, मी मोजल्या होत्या.

टिळकवाडी ते एडिसन

मावशी, बिनधास्त या. मी इथं नऊ वर्षं आहे, दर उन्हाळ्यात एक फेरी असतेच.

गुडघ्याची काळजी सोडा. स्ट्रॉबेरीला उकिडवं बसायला लागतं, ब्लूबेरीचं झुडूप माणसाच्या उंचीचं होतं. उभ्या उभ्या छातीसमोरची फळं तोडायची. खालच्या फांद्या नातवंडांना सोडा, त्यांची उंची तेवढीच.

न्यू जर्सीत हंगाम साधारण जूनच्या मध्यापासून जुलै संपेपर्यंत. तुम्ही 6 तारखेला आलात तर लगेच पुढच्या आठवड्यातच जा, ऑगस्टवर ढकलू नका. ड्यूक जात लवकर संपते, ब्लूक्रॉप जुलैत जोरात असते, एलियट शेवटी येते. हॅमंटन गावाला तर ब्लूबेरीची राजधानीच म्हणतात. एडिसनहून गाडीनं सव्वा-दीड तास.

तुमच्या त्या अकरा हिरव्यांचं उत्तर असं आहे की निघायच्या दिवशी सकाळी शेतावर फोन लावायचा. रविवारी गर्दीनं झाडं साफ झाली की पुढं एक-दोन दिवस फळ पिकायला म्हणून शेत बंदच ठेवतात. पाऊस झाला तरी बंद. वेबसाइटवर "चालू" लिहिलंय म्हणून निघू नका, मी एकदा तसं करून दीड तास गाडी चालवून फाटक बघून आलोय. माणशी प्रवेशाचे पैसे आहेत का, कार्ड चालतं की रोख, तेही त्याच फोनवर विचारा. मंगळवार-बुधवार सकाळी नऊच्या आत गेलात तर ऊन नाही, गर्दी नाही. ओळींच्या मधे सावली अजिबात नसते, टोपी आणि पाणी घ्याच.

तोडायची कशी: फळ निळं दिसलं म्हणून ओढू नका. उलटं करून देठाजवळ बघा. तिथं लालसर कडं असेल तर ते आंबट. तोडून ठेवलं तर रंग बदलेल, गोडी वाढणार नाही. ब्लूबेरी आंब्यासारखी अढीत पिकत नाही. घोसाखाली तळहात धरून अंगठ्यानं नुसतं घोळवायचं, पिकलेली आपोआप हातात येते. छोटी बादली दोरीनं कमरेला बांधा, दोन्ही हात मोकळे राहतात. गॅलनची बादली भरली की साडेपाच पौंडांच्या आसपास होतं, म्हणजे अडीच किलो. पहिल्या वर्षी आम्ही तीन बादल्या भरल्या होत्या आणि शेजाऱ्यांना वाटत फिरलो.

घरी आणल्यावर धुऊ नका. वरची पांढुरकी पावडर औषधाची नाही, फळाचंच मेण आहे. ते असेपर्यंत फळ टिकतं. खायच्या वेळी धुवा.

काकांसाठी: 100 ग्रॅममध्ये साखर साधारण 10 ग्रॅम. मूठभर खाल्ली तर चालतंय, पण मोजून. डॉक्टरांना एकदा विचारून घ्या.

दोडामार्गची सून

साडी नको ताई. पंजाबी ड्रेस, पायात मोजे, बंद बूट. गोचीड हे कारण. आमच्याकडं माकडतापानं गोचीड काय चीज आहे ते दाखवलंय. तिकडच्या गोचिडीनं लाईम डिसीज होतो आणि तिचं पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं असतं, म्हशीच्या कानातली टप्पोरी गोचीड डोळ्यासमोर ठेवून शोधाल तर दिसायची नाही. कडेच्या उंच गवतात पोरांना सोडू नका. घरी आल्या आल्या आंघोळ, आणि गुडघ्याच्या मागं, काखेत, केसांत बघायचं.

निपाणीवाला

मधेच विचारतो, माफ करा. अर्ध्या एकरातली तंबाखू काढून हेच लावलं तर? इथं मॉलमधल्या इवल्याशा डबीला काय भाव घेतात बघितलाय काय गा कुणी?

मातीमास्तर (धारवाड)

निपाणीवाले, थांबा जरा. ब्लूबेरीला माती आंबट लागते, पीएच 4.5 ते 5.5. तुमची काळी माती नेमकी उलट्या बाजूची. शिवाय तिकडच्या मूळ जातींना हिवाळ्यात 7 अंशांखाली 800 ते 1000 तास थंडी लागते. कमी थंडीच्या जाती निघाल्यात, पण त्या कुंडीत, आंबट केलेल्या मिश्रणात, ठिबकवर वाढवायच्या. अर्धा एकर एकदम नको, आधी चार कुंड्या लावून बघा.

कणकुंबीच्या ताईंना एक सांगतो. ब्लूबेरी शंभर-सव्वाशे वर्षांमागं तिकडं रानमेवाच होती, आपल्या करवंदासारखी. न्यू जर्सीच्या व्हाइट्सबॉगमध्ये एलिझाबेथ व्हाइट नावाच्या बाई होत्या, घरची क्रॅनबेरीची शेती. फ्रेडरिक कोव्हिल या सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञाचं लिखाण त्यांनी 1911 साली वाचलं आणि त्याला आपली जमीन देऊ केली. रानात फिरणाऱ्या माणसांना त्यांनी भोकं पाडलेली पट्टी दिली. पाऊण इंचाला जरा कमी, 16 मिलिमीटरचं भोक. ज्या झुडपाचं फळ त्यातनं आरपार जात नाही ते दाखवा, पैसे घ्या, आणि झुडपाला नाव तुमचं. रूब लीक नावाच्या माणसानं आणलेल्या झुडपापासनं "रुबेल" जात आली, अजून लावतात. 1916 मध्ये पहिलं पीक बाजारात गेलं. जांबोटीच्या रानात करवंदाचं असं मोठ्या फळाचं झुडूप कुठं आहे ते तुमच्या बहिणींना पाठ असणार. कुणी विचारलंय का त्यांना?

कणकुंबीची लेक (शहापूर, बेळगाव)

मास्तर, थोरलीला ठाऊक आहे. सांगणार नाही ती, आम्हाला पण कधी सांगितलं नाही.

आता एडिसनहून लिहूलालेय. मंगळवारी जाऊन आलो. सकाळी फोन केला तर ज्या शेतात जायचं ठरलं होतं ते बंद! दुसरीकडं लावला, ते चालू होतं. टिळकवाडीवाले, तुमच्यामुळं दीड तास वाचला बघा.

ड्रेस घातला, पण ओढणी कमरेला खोचून ओटा केलाच, सवय जात नाही. घोसात तीन निळी, दोन गुलाबी, एक हिरवं असं सगळं एकत्र. अंगठा फिरवला की निळी तेवढी टपटप पडतात. काटा नाही, चीक नाही. बोटाला ते मेण लागतं आणि त्याखाली फळ जवळजवळ काळं. लगेच करवंद आठवलं. चव मात्र मिळमिळीत, करवंदाची सर नाही. लेकीला हे सांगितलेलं नाही.

नातीला कोंबडा-कोंबडी शिकवलं. तिनं फोडली, आत फिकट हिरवट पांढरी. कोंबडी. दुसरी फोडली, कोंबडी. धाकट्यानं एका ओळीतल्या वीसेक तरी चावल्या, एक कोंबडा निघेना. शेतावरच्या पोराला जाऊन इंग्रजीत विचारलंन, तुमच्याकडं रूस्टर कुठल्या ओळीत आहे? तो बिचारा बघतच राहिला.

एकूण सात पौंड भरल्या. त्यातल्या चार यांच्या. पैसे द्यायचेत म्हणून एकेक उलटी करून, लाल कडं बघून तोडलेली! शनिवारी परत जाऊ म्हणूलालेत. फ्रीजमध्ये दोन पौंड उरल्यात, गूळ घालून मुरंबा करावा म्हणते. कुणी केलाय काय? पाणी सुटतं का फार?